पान लागलं तर पहिलं इंजेक्शन किती वाजता?

आमच्या आजोळी रात्री सापाला साप म्हणत नसत. 'लांबडं' म्हणत, 'जनावर' म्हणत, आणि कुणाला चावलाच तर हळू आवाजात 'पान लागलं' एवढंच सांगत. नाव घेतलं की तो येतो, अशी समजूत. सरकारी आकडे वाचताना मला ती समजूत हमखास आठवते, कारण तिथेही सापाचं नाव फारसं घेतलं जात नाही.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. घरोघरी जाऊन 'तुमच्याकडचं माणूस कशानं गेलं' असं विचारणाऱ्या 'मिलियन डेथ स्टडी' या मोठ्या पाहणीतून हा अंदाज निघाला. याउलट २०१६ ते २०२० या वर्षांतल्या सरकारी नोंदी जोडल्या तर आकडा येतो वर्षाला २ हजारांच्या आसपास. मधली माणसं गेली कुठे? काही खासगी दवाखान्यात गेली, काहींच्या दाखल्यावर कारण वेगळंच लिहिलं गेलं. पण बरीचशी दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलीच नाहीत. याच पाहणीत आधीच्या, २००१ ते २००३ मधल्या मृत्यूंचा हिशेब झाला होता. त्यात सर्पदंशाचे जेमतेम २३ टक्के मृत्यू दवाखान्यात झाले होते. उरलेले घरी, शेतात, रस्त्यात.

खेड्यातली आरोग्यसेवा कशी चालते हे समजून घ्यायला सर्पदंशासारखं दुसरं उदाहरण नाही. ताप दोन दिवस दम धरतो, मोतीबिंदू वर्षभर थांबतो. सापाचं विष थांबत नाही. त्यामुळे दवाखान्याची इमारत, डॉक्टरची हजेरी, औषधाचा साठा, गाडी, रस्ता या सगळ्यांची परीक्षा एकाच रात्री होते.

समजा, जुलै महिना आहे. सह्याद्रीच्या उतारावरची तीस घरांची वाडी. दिवसभर भातलावणी करून थकलेली एक बाई जमिनीवर गोधडी टाकून झोपली आहे. मध्यरात्रीनंतर काहीतरी टोचल्यासारखं होऊन तिला जाग येते, बघते तर काहीच नाही. ढेकूण असेल म्हणून ती पुन्हा झोपते. पहाटे पोटात कळा सुरू होतात, उलटी होते. घरच्यांना वाटतं, शिळं खाल्लं असेल. ओवा देतात, पोट शेकतात. तासाभराने तिच्या पापण्या जड होतात, कितीही प्रयत्न केला तरी डोळे उघडत नाहीत. मग घोट गिळता येईना, बोलणं बोबडं झालं. तेव्हा कुठे सासू म्हणते, "पान तर नाही ना लागलं?"

हा मण्यार. रात्री हिंडणारा, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येणारा. त्याच्या चाव्याला सूज नसते, फारसं दुखत नाही, दातांची खूणही पुष्कळदा सापडत नाही. 'चावलंय कुठे ते दिसत नाही, म्हणजे साप नाही' हा हिशेब मण्यारीच्या बाबतीत जीव घेतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक दुखू लागलं आणि पापण्या मिटू लागल्या, तर खूण सापडो न सापडो, सर्पदंश समजूनच निघायचं.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल एक सोपी मांडणी केली होती. बाई दगावते ती तीन उशिरांमुळे: दवाखान्यात जायचं ठरवण्यात उशीर, तिथे पोचण्यात उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात उशीर. सर्पदंशाला ही मांडणी जशीच्या तशी लागू पडते.

पहिल्या उशिराबद्दल शहरातली माणसं फार पटकन 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळी होतात. भगताकडे नेतात, कडुलिंबाचा पाला चावायला देतात (कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे, अशी परीक्षा), दोरीने करकचून बांधतात, पात्याने चिरतात. यातलं काहीही करू नये, यात शंका नाही. बांधल्याने विष अडत नाही, हाताचा रक्तपुरवठा मात्र अडतो, आणि घोणस-फुरसं चावलं असेल तर चिरलेल्या जागेतून रक्त थांबतच नाही. पण भगत रात्री दोन वाजता उठतो, तो वाडीतच राहतो आणि तो कुणालाही पुढच्या गावाला पाठवत नाही, हेही तितकंच खरं. शिवाय साप चावतो त्यातले बरेच बिनविषारी असतात आणि विषारी सापही कित्येकदा नुसतेच दात लावतो, विष सोडत नाही. हे सगळे रोगी आपोआप बरे होतात आणि यश भगताच्या खात्यात जमा होतं. दवाखान्याच्या वाट्याला उशिरा आलेले, निळे पडलेले रोगी येतात. 'दवाखान्यात नेलं आणि गेला' हे वाक्य गावात कसं तयार होतं ते असं.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. धीर द्यायचा, अंगठ्या-बांगड्या-जोडवी काढायची, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळी लावून स्थिर ठेवायचा, रोग्याला चालू द्यायचं नाही आणि निघायचं. साप मारून सोबत नेण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही चावण्याचा धोका असतो. लांबून फोटो निघाला तर ठीक.

निघायचं, पण कुठे?

कागदावर आपली व्यवस्था जिन्यासारखी आहे. सगळ्यात खालची पायरी आशाताई, साधारण हजार वस्तीला एक, मानधनावर काम करणारी, त्याच गावची. तिच्यावर उपकेंद्र: सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक, डोंगरी-आदिवासी भागात ३ हजारांना. इथे नर्सबाई, आरोग्यसेवक आणि अलीकडे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं दिसेल. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, ३० हजारांना एक (डोंगरी भागात २० हजारांना), इथे डॉक्टर आणि सहा खाटा. त्यावर ग्रामीण रुग्णालय, साधारण तीस खाटांचं. मग उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या भाषेत 'सिव्हिल'. महाराष्ट्रात उपकेंद्रं साडेदहा हजारांच्या आसपास आहेत, प्राथमिक केंद्रं अठराशेच्या वर.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, भोर समितीने या सगळ्याचा आराखडा दिला. तिचं दूरचं स्वप्न होतं १० ते २० हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचं प्राथमिक केंद्र. आपण ३० हजारांमागे सहा खाटांवर थांबलो आहोत. आणि हे ३० हजारसुद्धा २०११ च्या जनगणनेतले, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही.

या जिन्यात एक खोच आहे जी बाहेरच्याला दिसत नाही. प्राथमिक केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या ताब्यात, त्यांचा साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालयापासून सिव्हिलपर्यंत राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं राज्य, तिथे जिल्हा शल्य चिकित्सक. त्याच्याही वर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. एकाच रोग्याला एका रात्रीत तीन खात्यांच्या हद्दी ओलांडायच्या असतात. खालच्या केंद्रातून चिठ्ठी मिळते, पण वर खाट आहे का, व्हेंटिलेटर मोकळा आहे का, हे फोन करून विचारण्याची सक्ती कुणावर आहे? चांगला डॉक्टर स्वतःच्या ओळखीने विचारतो. बाकी ठिकाणी रोगी चिठ्ठी घेऊन नशीब काढायला निघतो.

आपल्या बाईसाठी योग्य पायरी कोणती, हे ठरवायला सापाचं इंजेक्शन कसं काम करतं ते थोडं बघावं लागेल.

आपल्याकडे माणसं मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग-मण्यारीचं विष नसांवर जातं, श्वास बंद पाडतं. घोणस-फुरशाचं रक्तावर जातं, रक्त गोठेनासं होतं, आणि घोणशीत किडनीही जाते. या चौघांचं विष घोड्यांना थोडं थोडं टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध जे तयार होतं ते वेगळं काढतात, तेच प्रतिविष. चारही सापांवर एकच औषध, म्हणून साप कुठला होता हे कळलं नाही तरी उपचार अडत नाही. (कोकण-घाटातल्या हिरव्या चापड्यावर मात्र ते चालत नाही. त्याचा चावा सहसा जीवघेणा नसतो.)

आता हिशेब बघा. प्रतिविषाची एक व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, घोणशीचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष मारते. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणून सुरुवातच आठ-दहा व्हायलने करतात, एक-दोनने काही होत नाही. पाच वर्षांच्या पोरालाही तेवढ्याच लागतात, कारण पोर लहान आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. म्हणजे ज्या केंद्रात पाच व्हायल आहेत, तिथे कागदावर औषध 'उपलब्ध' आहे आणि प्रत्यक्षात एकाही रोग्यापुरतं नाही. उपलब्धतेचे सरकारी तक्ते वाचताना हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हे औषध पावडरच्या रूपातलं असेल तर त्याला फ्रीजही लागत नाही. वीज जाणाऱ्या केंद्रासाठी याहून सोयीचं काय हवं? तपासणीही यंत्राविना होते. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग कलतं करायचं. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं. अट एकच: नळी काचेची आणि नवी हवी. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो.

मग अडतं कुठे? घाबरण्यात. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून आलेलं, काही रोग्यांना त्याची जोरात रिअॅक्शन येते, रक्तदाब कोसळतो. त्यावर अॅड्रेनालिनचं इंजेक्शन हा हुकमी उतारा आहे आणि तो प्रत्येक केंद्रात असायला हवा. पण रात्री एकटा असलेला, नुकताच कॉलेजातून बाहेर पडून बंधपत्राचं वर्ष भरायला आलेला डॉक्टर विचार करतो: इंजेक्शन दिलं आणि रोगी माझ्या हातात गेला तर बाहेर उभी असलेली पन्नास माणसं मला सोडतील का? वर पाठवला आणि वाटेत गेला तर निदान माझ्या खाटेवर नाही. तो चिठ्ठी लिहितो. मी याला सरसकट कामचुकारपणा म्हणणार नाही. ज्याच्या पाठीशी ना दुसरा डॉक्टर, ना पोलीस, ना फोनवर मिळणारा तज्ज्ञ, तो असाच वागतो. पण त्या चिठ्ठीची किंमत रोग्याचे दोन तास असते, कारण पहिलं इंजेक्शन केंद्रात द्यायचं आणि मग वर पाठवायचं, हाच क्रम बरोबर आहे.

मण्यारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. विष नसांच्या टोकांना एकदा चिकटलं की प्रतिविषाने ते सुटत नाही. मग शरीर स्वतः दुरुस्ती करेपर्यंत, म्हणजे काही दिवस, श्वास बाहेरून द्यावा लागतो. या अवस्थेत रोगी हलत नाही, बोलत नाही, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत. मेल्यासारखाच दिसतो, पण आत जागा असू शकतो. श्वास चालू ठेवला तर असे रोगी उठून घरी जातात. व्हेंटिलेटर नसेल तर तोंडावर मास्क लावून हाताने दाबायची अंबू बॅगही तोवर जीव तगवते. आळीपाळीने फुगा दाबत सिव्हिल गाठायचं, असाही प्रवास असतो.

म्हणून आपल्या बाईची वाट अशी असायला हवी: वाडीपासून सर्वांत जवळचं प्राथमिक केंद्र, तिथे दहा व्हायल सुरू, तिथूनच फोन, आणि मग व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात रवानगी. उपकेंद्रात सापाचं इंजेक्शन मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, तिथे थांबण्यात अर्थ नाही.

गाडीचं काय? महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरसह पूर्ण सज्ज, बाकी ७०४ साध्या, प्राथमिक उपचारांच्या. आपल्या १०८ चं एक वैशिष्ट्य म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. धनगरवाड्यावरून, नंदुरबार-पालघरच्या पाड्यांवरून रोग्याला झोळीत किंवा डोलीत घालून खाली आणावं लागतं, पावसाळ्यात ओढा उतरण्याची वाट बघावी लागते. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी नंदुरबारमध्ये तरंगते दवाखाने केले ते याच कारणाने. गाडी तासाभराने येणार असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे रोग्याला बसवून न्यावं. सर्पदंशासाठी तज्ज्ञांनीही हे मान्य केलं आहे. वाट बघत बसण्यापेक्षा बरं.

पैशांचं थोडक्यात. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मोफत मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र योजनेतली मोठी रुग्णालयं बहुतेक शहरात. योजना बिल भरते, वाडी आणि शहर यांच्यातलं अंतर भरत नाही. आणि पेशंटसोबत सिव्हिलला आठ दिवस राहिलेल्या नवऱ्याची बुडालेली लावणी कुठल्याच योजनेत बसत नाही.

माणसांचा तुटवडा सगळ्यांत मोठा. देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत (आपल्याकडची ग्रामीण रुग्णालयं त्याच पायरीवरची) सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ या चौघांची कमतरता २०२१-२२ च्या केंद्राच्याच अहवालानुसार सुमारे ८० टक्के होती. म्हणजे पाचातल्या चार खुर्च्या रिकाम्या. चिठ्ठ्या प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून थेट सिव्हिलला का सरकत जातात, ते या एका आकड्यात आहे.

पण एक डॉक्टर टिकला तर काय होतं, याचा पुरावाही महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू तेव्हा माणसं, विशेषतः मुलं मारत असे. त्यांनी पळून न जाता रात्र रात्र रोग्याशेजारी बसून काय होतं ते लिहून काढलं: घाम, थंड पडलेले हातपाय, मग फुप्फुसात भरणारं पाणी. त्यातून प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर चालते हे त्यांनी दाखवलं, 'लॅन्सेट'मध्ये छापून आणलं. गंभीर विंचूदंशात आधी तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला यात शौर्यापेक्षा वहीचं महत्त्व जास्त वाटतं. त्यांनी नोंद ठेवली.

नोंदीचा मुद्दा पुन्हा आला, कारण औषधाचा पुरवठा नोंदीवरच चालतो. केंद्राने गेल्या वर्षी किती सर्पदंश दाखवले, त्यावर पुढच्या वर्षीची मागणी ठरते. जे भगताकडे गेले, जे वाटेत गेले, ते वहीत नाहीत. म्हणून व्हायल कमी येतात, म्हणून पुढच्या रोग्याला वर पाठवतात, म्हणून लोक केंद्रात यायचं टाळतात, आणि वहीतला आकडा आणखी घटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. खासगी दवाखान्यांनीही कळवायचं, हा त्यातला खरा कामाचा भाग.

सर्पदंशाने शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, पण तिथेही कागद लागतो. घरीच गेलेल्या आणि परस्पर दहन झालेल्या माणसाचा कागद आणायचा कुठून?

गावपातळीवर करता येण्यासारखी एक गोष्ट फुकट आहे. मे महिन्याच्या ग्रामसभेत किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात सरपंच, आशाताई आणि दोन जाणत्या माणसांनी आपल्या प्राथमिक केंद्रात जाऊन चार प्रश्न विचारायचे. सापाच्या किती व्हायल आहेत? रात्री कोण असतं आणि त्याचा नंबर काय? अंबू बॅग कुठे ठेवली आहे, दाखवा. आणि इथून वर पाठवायचं झालं तर व्हेंटिलेटर सगळ्यात जवळ कुठे आहे? उत्तरं कागदावर लिहून शाळेच्या भिंतीवर लावायची. व्हायल वीसपेक्षा कमी निघाल्या तर केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे तिथल्या तिथे लेखी मागणी द्यायची आणि पोच घ्यायची. खोक्यावरची मुदतही वाचून बघायची. मागच्या पावसाळ्यातला साठा असू शकतो.